फिरून आल्या पावली हार्मोनचं रक्त देऊ नका

पत्र : आम्ही भुसावळला राहतो. माझं वय ४६. थायरॉइडची गोळी सुरू आहे. सात-आठ महिन्यांपासून पाळी मागेपुढे होते आणि रात्री अंगातून एकदम वाफा निघतात. आमचे हे रेल्वेत, वय ५२, शिफ्ट ड्युटी. त्यांना तीन वर्षांपासून शुगर आहे, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. चार महिने झाले, दोघं सकाळी पाऊण तास झपाझप चालतो. मागच्या महिन्यात चालून येतानाच लॅबमध्ये जाऊन हार्मोनचं पॅकेज केलं. यांचं कॉर्टिसॉल जास्त आलं, टेस्टोस्टेरॉन कमी आलं, माझं प्रोलॅक्टिन थोडं वाढलेलं. यांची शुगर उठल्यावर १३८ होती, चालून आल्यावर १५६. मग चालून उपयोग काय? ग्रुपवर तर सारखं येतं की चालल्याने सगळे हार्मोन बॅलन्स होतात. मुलगी २१ वर्षांची, पोलीस भरतीसाठी रोज पळते. तिची पाळी तीन महिने आलेली नाही. ती म्हणते, पळणाऱ्या मुलींचं असंच असतं. सासूबाई ७१ च्या, बीपीच्या गोळ्या चालू, फिरायला चला म्हटलं की ‘मले काई होत नही’ म्हणून बसून राहतात. चौघांना एकच व्यायाम चालेल का?

उत्तर : ताई, तुम्ही मुलीचा विषय शेवटी लिहिला आहे, आम्ही तिथूनच सुरुवात करतो. बाकी तिघांचं चार आठवडे थांबलं तरी बिघडणार नाही, तिचं थांबवू नका.

पळणाऱ्या मुलींची पाळी जाते हे खरं. पण ते चालायचंच म्हणून सोडून द्यायचं नसतं. पळण्यात जेवढं खर्च होतं तेवढं पोटात गेलं नाही, की मेंदू आधी पाळीचा खर्च बंद करतो. मेंदूतून अंडाशयाला जाणारा एलएच हार्मोनचा ठोका मंदावतो, अंडाशय इस्ट्रोजेन बनवणं कमी करतं आणि पाळी थांबते. जेमतेम पाच दिवस खाणं फार कमी पडलं तरी हा ठोका बदललेला दिसतो. वजन उतरलेलं असेलच असं नाही, त्यामुळे वजनकाट्यावर विसंबू नका.

हिशेब मांडून बघा. समजा तिचं वजन ५५ किलो आहे. धावण्याचा खर्च किलोमागे, किलोमीटरमागे साधारण एक कॅलरी. रोज सहा किलोमीटर म्हणजे ३३० कॅलरी, म्हणजे जवळजवळ दोन ज्वारीच्या भाकरी. या दोन भाकरी नेहमीच्या जेवणाच्या वर हव्यात, त्यातल्या नव्हेत. धावण्याचा खर्च वजा जाता तिच्या शरीराला १,९०० च्या आसपास कॅलरी उरायला हव्यात. त्या १,३०० च्या खाली गेल्या की पाळीवर गदा येते. भरतीच्या नादात मुली भात सोडतात, भाकरी अर्धी करतात, सकाळी चहावर पळतात आणि ‘हलकं’ वाटतं म्हणून खूष असतात. तिला पळण्याआधी एक केळं द्या. आल्यावर अर्ध्या तासाच्या आत दोन अंडी किंवा मूठभर शेंगदाणे-गूळ आणि दूध. दुपारी कळण्याची भाकरी, डाळ, भाजी पोटभर. आणि महिला उमेदवारांची मोठी धाव ८०० मीटरची आहे. त्यासाठी रोज दहा किलोमीटर घासायची गरजच नाही. आठवड्यात दोन दिवस पूर्ण विश्रांती, दोन दिवस छोट्या वेगवान फेऱ्या, एक दिवस लांब संथ धाव. उरलेले दोन दिवस वजनांचे आणि गोळाफेकीचे. एवढ्यात वेळ सुधारतो.

तीन महिने पाळी नाही म्हटल्यावर या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या. त्या आधी गर्भधारणेची चाचणी सांगतील. प्रत्येकीलाच सांगतात, त्यावरून घरात वाद घालू नका. मग टीएसएच (थायरॉइडची तपासणी), प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं हार्मोन), सोनोग्राफी. चेहऱ्यावर राठ केस आणि खूप मुरमं असतील, वजनही वाढलं असेल, तर गोष्ट पीसीओडीची असू शकते आणि तिथे सल्ला नेमका उलटा होतो. पीसीओडीत वाढलेलं इन्शुलिन अंडाशयाला पुरुषी हार्मोन जास्त बनवायला लावतं, त्यामुळे तिथे धावणं-चालणं हाच उपचाराचा भाग. म्हणूनच शेजारणीच्या मुलीला लागू पडलेला सल्ला हिला देऊ नका. आणखी एक, ‘पाळीच्या गोळ्या’ घेऊन रक्तस्राव झाला म्हणजे गाडी रुळावर आली असं होत नाही. तो गोळी थांबल्याचा स्राव असतो, हाडांची झीज तशीच चालू राहते. नडगीवर बोट टेकवलं की एकाच जागी कळ येत असेल, तर त्या दिवसापासून पळणं बंद आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचं. पाळी परत यायला खाणं सुधारल्यावरही काही महिने लागतात, धीर धरा.

आता तुमच्या रिपोर्टकडे. हतनूर धरणाचे दरवाजे उघडलेल्या दिवशी तापीचं पाणी मोजायचं आणि म्हणायचं नदी बारमाही एवढीच वाहते, असं तुमच्या त्या पॅकेजचं झालं आहे. व्यायाम चालू असताना आणि संपल्यावर थोडा वेळ हार्मोनची लाट येते. कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रिनॅलिन (ही ताणाची हार्मोन), ग्रोथ हार्मोन, प्रोलॅक्टिन वर जातात, इन्शुलिन खाली येतं. तास-दोन तासांत बहुतेक सगळं आपापल्या जागी परततं. चार महिन्यांच्या चालण्याने जे कमावलं ते या लाटेत दिसतच नाही. नियमित चालणाऱ्याच्या अंगात त्याच वेगाला अ‍ॅड्रिनॅलिनची लाट पूर्वीपेक्षा लहान उठते, आणि इन्शुलिन कमी असूनही स्नायू साखर उचलतात. फायदा आहे तो इथे.

कॉर्टिसॉल मुळातच झोपेतून उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात दिवसातल्या सगळ्यात वरच्या टोकाला असतं, आणि मध्यरात्रीच्या सुमारास सगळ्यात खाली. त्यात चालण्याचा वेग बोलता येणार नाही इतका वाढला की ते आणखी चढतं, हलक्या चालीत सहसा चढत नाही. साहेब उठले, झपाझप चालले आणि तडक लॅबच्या खुर्चीत बसले, मग आकडा कमी येणार कसा? शिवाय ड्युटी रात्रीची असेल तर शरीराचं घड्याळच सरकलेलं असतं. अंगावर जांभळट चट्टे येणं, जराशा धक्क्याने काळंनिळं पडणं, खुर्चीतून उठताना मांड्यांत बळ न राहणं, असलं काही नसेल तर पॅकेजमधल्या त्या एका कॉर्टिसॉलला फार किंमत देऊ नये.

टेस्टोस्टेरॉनचं थोडं वेगळं आहे. तिशी-चाळिशीनंतर ते वर्षाला साधारण एक टक्क्याने उतरतं, हे वयाचं. पण शुगर आणि पोटाचा घेर असलेल्या माणसात ते वयाच्या मानाने जास्त उतरलेलं दिसतं. कारण रक्तात टेस्टोस्टेरॉन वाहून नेणारं प्रथिन इन्शुलिनच्या गोंधळात कमी होतं आणि एकूण आकडा खाली येतो. घेर उतरला की आकडा काही प्रमाणात वर येतो. इथे चालण्याचा उपयोग आहे, पण तो ढेरी कमी होण्याच्या वाटेने. व्यायामानंतर लगेच येणारी वाढ तासाभरात विरते, तिच्यावर काही उभं राहत नाही. उलट रोज दोन-दोन तास पळून नीट न खाणाऱ्या पुरुषांत टेस्टोस्टेरॉन घसरलेलं आढळतं. त्यामुळे ‘टेस्टो वाढवणारा’ व्यायाम म्हणून तासन्‌तास धावायला लावणाऱ्या व्हिडिओंकडे दुर्लक्ष करा.

पुन्हा रक्त द्यायचं ते असं. आदल्या दिवशी जोराचा व्यायाम नाही. मागच्या दोन रात्री घरी नीट झोप झालेली हवी, नाइट करून आल्यावर तर मुळीच नाही. ताप-सर्दी असेल तर पुढे ढकला. सकाळी उपाशी, गाडीवर बसून जा, लॅबमध्ये २०-३० मिनिटं शांत बसा आणि ८ ते १० च्या दरम्यान रक्त द्या. टेस्टोस्टेरॉन कमी आलं तर वेगळ्या दिवशी, त्याच वेळी दुसऱ्यांदा. दोन्ही वेळा कमी आलं तरच डॉक्टर पुढचा विचार करतात. तुमचं प्रोलॅक्टिनही असंच बसून, शांतपणे पुन्हा तपासा. चालणं आणि सुईची भीती एवढ्यानेही ते थोडं वाढतं. पण थायरॉइडची गोळी कमी पडत असेल तरीही वाढतं, म्हणून सोबत टीएसएच करा. केसांसाठी बायोटिनची गोळी घेत असाल तर तपासणीच्या दोन-तीन दिवस आधी बंद करा, ती थायरॉइडचे आकडे चुकवते.

साहेबांची शुगर चालून आल्यावर १३८ ची १५६ का झाली? पहाटे कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हार्मोन यकृताला साखर सोडायला सांगत असतात. रिकाम्या पोटी वेगाने चाललं की अ‍ॅड्रिनॅलिन आणि ग्लुकागॉन त्यात भर घालतात. स्नायू जेवढी उचलतात त्यापेक्षा यकृत थोडी जास्त ओततं. ती वाढ पुढे उतरते. आणि त्याच चालण्यामुळे पुढचा एक-दोन दिवस स्नायू इन्शुलिनचं जास्त ऐकतात. आकुंचन पावणारा स्नायू तर इन्शुलिन नसतानाही साखरेचं दार उघडतो. परिणाम दोन दिवसांत ओसरत असल्यामुळे सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको, ड्युटी कशीही असो. (बोटातून शुगर बघताना हात साबणाने धुऊन कोरडे करा. केळं सोलून त्याच बोटाचं रक्त घेतलं तर आकडा खोटा वाढतो, आणि आपल्याकडे घरात केळं नाही असा दिवस नसतो.)

त्यांच्यासाठी आम्ही वेळ बदलू. पहाटेच्या पाऊण तासाऐवजी दोन्ही मोठ्या जेवणांनंतर १५-१५ मिनिटं, शेवटचा घास घेतल्यापासून अर्ध्या तासाच्या आत. वरणबट्टीच्या किंवा शेवभाजीच्या दिवशी तर नक्कीच. ही चाल हलकी ठेवा. वेगाचं चालणं आठवड्यात चार दिवस, अर्धा-अर्धा तास. रात्रपाळी असेल तेव्हा झोपून उठल्यावर, काहीतरी खाऊन. ग्लिमेपिराइड साखर खाली खेचतं, त्यामुळे निघण्याआधी ९० च्या आत असेल तर एक केळं किंवा तीन-चार बिस्किटं खाऊन निघायचं. खिशात तीन चमचे ग्लुकोज पावडरची पुडी कायम. घाम, थरथर, धडधड, विनाकारण चिडचिड झाली की थांबून ती तोंडात टाकायची, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं, ७० च्या वर येईपर्यंत. केळं तेव्हा उपयोगाचं नाही, पोटात उतरायला वेळ घेतं. असं दोनदा झालं तर गोळीचा डोस कमी करायला डॉक्टरांना सांगा, चालणं कमी करू नका. त्यांची नोकरी रेल्वेची आहे, ड्युटीवर शुगर पडणं परवडणारं नाही. आणि चार महिन्यांचा हिशेब रोजच्या आकड्यात शोधू नका. एचबीए१सी करा, त्यात मागच्या तीन महिन्यांची सरासरी येते.

वेग किती म्हणाल, तर मिनिटाला सुमारे १०० पावलं ही मध्यम चाल. घड्याळ लावून १५ सेकंदांत २५ पावलं मोजा. बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. नाडी बघायची असेल तर २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करा. त्यांचे १७२ येतात, त्याच्या दोन तृतीयांशाच्या आसपास, म्हणजे ११० ते १३० ठोके, एवढी चाल पुरे. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉलसारखी बीपीची गोळी असेल तर नाडी मुद्दाम दाबलेली असते, तिथे बोलण्याची कसोटीच खरी. चढावर छातीत आवळल्यासारखं झालं, जबडा किंवा डावा हात दुखला, तर त्याच दिवशी ईसीजी.

तुमच्या वयात, ताई, अंडाशयाचं इस्ट्रोजेन एक महिना उसळतं, दुसऱ्या महिन्यात बसतं. चालण्याने ते परत येत नाही. आणि त्याची तपासणी करून काही ठरतही नाही, कारण आज एक आकडा आणि पंधरा दिवसांनी दुसरा. ४५ नंतर पाळीचा इतिहासच पुरतो. सलग १२ महिने पाळी नाही म्हणजे रजोनिवृत्ती. त्यानंतर शरीरातलं थोडं इस्ट्रोजेन चरबीच्या पेशींमध्ये बनतं. चरबी फार असेल तर ते गरजेपेक्षा जास्त होतं आणि स्तनांच्या कॅन्सरचा धोका वाढतो. तिथे चालून वजन उतरवणं म्हणजे इस्ट्रोजेन कमी करणं, आणि ते हवंच आहे. ‘चालल्याने इस्ट्रोजेन वाढतं’ असा मेसेज आला तर पुढे पाठवू नका.

रात्रीच्या वाफा चालण्याने थांबतीलच असं आम्ही सांगणार नाही, काहींना फरक पडतो, काहींना नाही. झोप, चिडचिड आणि कमरेचा घेर यांत मात्र फरक जाणवतो. वाफांमुळे सलग झोपच लागत नसेल तर औषधं आहेत, स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा, सोसत बसू नका. कापड लागून पुरत नाही इतका स्राव झाला, किंवा वर्षभर बंद झालेली पाळी परत दिसली, तर लगेच दाखवा.

थायरॉइड चालून जात नाही. पण चालण्याची वेळ गोळीच्या कामी येते. उठल्या उठल्या गोळी नुसत्या पाण्यासोबत घ्या, पाऊण तास चालून या, मगच चहा. तेवढं अंतर आपोआप मिळतं. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर ती चार तासांनंतर, दुपारच्या जेवणासोबत. एक गोष्ट तुमच्या वेळापत्रकात नाही ती म्हणजे वजन उचलणं. इस्ट्रोजेन उतरताना हाडं पातळ होतात आणि सपाट रस्त्यावरचं चालणं त्यांना पुरेसं सांगत नाही. आठवड्यात दोनदा, दोन-दोन लिटरच्या पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन उठबशा आणि खांद्यावर उचलणं, १० वेळा, तीन फेऱ्या. शेवटच्या दोन उचलताना जड वाटलं पाहिजे. हलकं जात असेल तर बाटलीत पाण्याऐवजी रेती भरा.

सासूबाईंना तुमच्यासोबत पाऊण तास नेऊ नका. व्यायामात ग्रोथ हार्मोनची जी उसळी मुलीच्या अंगात येते, तिचा अगदी थोडा अंश सत्तरीत येतो. हे हार्मोन दर दहा वर्षांनी साधारण १४ टक्क्यांनी घटत जातं. म्हणून म्हातारपणी नुसत्या चालण्याने स्नायू टिकत नाहीत, त्यांना ओझं द्यावं लागतं आणि ताटात डाळ-दूध-अंडं वाढवावं लागतं. किडनी ठीक असेल तर किलोमागे एक ग्रॅम प्रथिन, म्हणजे ५० किलोच्या बाईला ५० ग्रॅम. एक वाटी घट्ट वरणात सहा-सातच असतं, म्हणजे नुसत्या वरणावर भागत नाही. हात न टेकता खुर्चीवरून उठणं-बसणं आठ वेळा. ओट्याला धरून टाचा उचलणं पंधरा वेळा. ओट्यालाच हात लावून एका पायाच्या पुढे दुसरा पाय ठेवून दहा सेकंद उभं राहणं. हे दिवसाआड. चालणं दहा-दहा मिनिटं, तीनदा, अंगणात किंवा गच्चीवर. खुर्ची कठड्याला टेकवून ठेवा, नाहीतर उठताना मागे सरकते.

त्यांच्या बाबतीत खरी भीती उन्हाची. घाम गेला की शरीर पाणी आणि मीठ धरून ठेवणारी हार्मोन सोडतं आणि तहान लागते. वयानुसार ही तहान बोथट होते, तोंड कोरडं पडलं तरी ‘तहानच नाही’ म्हणतात. बीपीच्या गोळ्यांत लघवी वाढवणारी गोळी असेल तर उठताना चक्कर येऊन पडण्याचा धोका दुप्पट सांभाळायचा. वैशाखात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो, भिंती रात्रभर तापलेल्या असतात. चालणं सकाळी साडेसहाच्या आत संपवा, किंवा घरात कूलरपुढे फेऱ्या मारू द्या. निघण्याआधी एक ग्लास पाणी, आल्यावर पातळ ताक, बिनमिठाचं. मीठ-साखरेचं पाणी त्यांना स्वतःच्या मनाने देऊ नका. आणि गोळ्यांचं पाकीट घेऊन एकदा डॉक्टरांना विचारा, कडक उन्हाळ्यात डोस तोच ठेवायचा का.

‘मले काई होत नही’ म्हणणाऱ्या माणसाला फिरायला चला म्हणून उपयोग होत नाही. त्यांना शेंगा सोलायला खुर्चीवर बसवा आणि टोपली, सूप, पाण्याचा तांब्या अशा वस्तू वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. आठ वेळा उठणं सहज होऊन जाईल.